वेदीकडे पाठ करून

प्रिय एर्ना,

तुझा आर्टुर खुशाल आहे. अंगणात वाळत घातलेले जर्दाळू येताजाता तोंडात टाकतो, सूपही दोनदा मागून घेतो. तेव्हा त्याची काळजी नको. काळजी माझी कर, कारण तुझ्या पाळक लेकाचं आणि माझं चांगलंच वाजलंय आणि मी माघार घेणार नाही. फोनवर तू रडतेस आणि विषय बदलतेस, म्हणून हे कागदावर.

तुझ्याकडून, जर्मनीहून आल्या आल्या त्याने प्रार्थनाघराला रंग दिला, गळकं छप्पर नीट केलं. मी गावभर कौतुक सांगत फिरले. मग पहिल्याच रविवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही नेहमीसारख्या मागे वळलो, गुडघे टेकले, आपापल्या बाकावर कोपरं ठेवून तोंड ओंजळीत घातलं. वेदीपाशी उभ्या आर्टुरला नुसत्या पाठी दिसल्या. पुढच्या रविवारी उपदेशात म्हणाला, "क्रूसाकडे पाठ करून कसली प्रार्थना? राजासमोर कुणी असं बसेल का?" आणि त्याच आठवड्यात बाक काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. म्हणे आता सगळ्यांनी पुढे तोंड करून, हात जोडून बसायचं.

शेजारची बुरुल स्वतः नमाज पढते, पण आमच्या भानगडी तिला सगळ्या ठाऊक. ती म्हणाली, "काय गं ओटिलिया, तुमच्या देवाला मागचं दिसत नाही होय?" मी इतकी हसले की बादलीतलं दूध सांडलं. हेच आर्टुरला ऐकवलं, तर म्हणतो, "मावशी, आदर नावाची काही चीज असते." आदर! हा मला शिकवणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गावात पाळक नव्हता त्या सगळ्या वर्षांत पोरांचे बाप्तिस्मे कुणी केले, मेलेल्यांना गीत गाऊन मातीत कुणी पोचवलं? आम्ही बायांनीच ना?

गेल्या रविवारी मी उठले, वळले आणि गुडघे टेकले. ती दळभद्री खुर्ची सरकली, मी आपटतच होते. आर्टुरने प्रार्थना थांबवली. मग मीच मोठ्याने सुरू केली. शेजारी हुल्डा कण्हत कण्हत खाली बसली, मग बाकीच्याही. नंतर दारात तो हळूच म्हणाला, कारण पोरगा वाईट नाही, "कापणीच्या सणाला प्रभुभोजन आहे, मावशी. जी वळेल तिला भाकर आणि प्याला देणार नाही. तुलासुद्धा नाही." ज्या भाकरीसाठी बंदीच्या काळात आपण पडदे ओढून, जीव मुठीत धरून जमायचो, ती आपलंच पोर माझ्या तोंडापुढून काढून घेणार. मी घरी येऊन खूप रडले. पण वळायचं सोडणार नाही.

तो कारण विचारतो. मी म्हणते, आमची रीत आहे. खरं कारण तुला माहीत आहे. आईच्या स्वयंपाकघरात क्रूस दाराशेजारी होता आणि आपण त्याच्याकडे तोंड करूनच बसायचो. तू नुकतीच सरकारी शाळेत शिक्षिका झाली होतीस, प्रार्थनेत सापडली असतीस तर नोकरी गेलीच असती. कम्युनिस्ट पक्षाचा तो माणूस दार ढकलून आत आला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "वळा." सगळ्यांनी डोक्याला एकसारखे रुमाल बांधलेले, सगळ्यांची तोंडं बाकात. "थोबाडं दाखवा!" म्हणून तो ओरडत राहिला, आई प्रार्थना करत राहिली. शेवटी चिडून त्याने हातात आला तो रुमाल ओढला. तो हुल्डाचा निघाला. तिचं गोठ्यातलं काम गेलं, पण शेजारी कोण बसली होती ते तिने सांगितलं नाही. पुढे तू दर रविवारी येत राहिलीस, म्हणून आम्ही दर रविवारी वळत राहिलो.

हे मी आर्टुरला सांगू शकले असते. सांगणार नाही. इतकी वर्षं तू मूग गिळून बसलीस, आता तोंड उघडायची पाळी तुझी आहे. हे पत्र त्यासाठीच. सणाच्या आधी लेकाला फोन कर आणि सांग, त्या पाठींआड कोण लपलं होतं. नाही सांगितलंस तरी मी वळणारच, भाकर मिळो न मिळो. पण हुल्डा माझ्या शेजारी असेल. तिच्यापुढून प्याला तसाच पुढे गेला, तर तो दोष मी तुझ्या पोराला देणार नाही, एर्ना. तुला देईन.

तरीही तुझीच,
ओटिलिया