नाव आत्यानंच ठेवाचं

वायनाड, केरळ

मंदाताई,
तुह्या धाकट्या भावाचा दुरूनच नमस्कार.

भाऊजीचा गुडघा कसा हाये? इकडं आमी मजेत हावो. तुह्या भावजयीले, रागिणीले, डॉक्टरनं आराम सांगितला हाये. काळजीचं काही नाही.

तू चिखलदऱ्याहून साबणाच्या डबीत पाठवलेलं दिव्यावरचं पाखरू पोचलं. एक पंख तुटला, पण ओळख पटली. इथल्या कॉफीच्या मळ्यात मले सापडलं, तेच हे. आमच्या संस्थेतले सर म्हणतात, जात नवीन हाये. नकाशावर दोनच ठिपके लागले, एक माह्या दाराशी अन् एक तुह्या. मधातल्या मुलखात कोणी पाह्यलंच नाही.

आता त्याचं नाव ठेवाचं हाये. आपल्याकडं ते काम आत्याचं. तू दर फोनवर इचारतं, "मले आत्या कवा करतं?" म्हणून म्या सरले सांगून टाकलं, नाव चिखलदऱ्याहूनच येईन. मांगं लॅटिन शेपूट मी जोडीन.

फक्त तुह्यं सगळ्यात आवडतं नाव पाखराले देऊ नको, ताई. मागच्या खेपेच्या भीतीनं आतापर्यंत बोललो नाही. रागिणी म्हणते, ते नाव मार्चपर्यंत राखून ठेव.

तुह्या लाडाचा,
नितेश