कुठेतरी पाणी मुरतंय

३ मार्च
आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विश्वास नाही. थिअरी पक्की झाली. समुद्रतळाची प्लेट आपल्या जमिनीखाली घुसते, ती कोरडी जात नाही. पोटात पाणी नेते. खोलवर दाब वाढला की ते पिळून निघतं, सांध्यात शिरतं, आणि प्लेट धाडकन न सुटता हळूच सरकते. वर नुसती बारीक थरथर. ती याच महिन्यात होणार! आणि सगळ्यात जवळचं भूकंपमापक यंत्र कोणाच्या ताब्यात? अस्मादिकांच्या.

६ मार्च
मेव्हणा मुख्य ऑफिसात असतो. त्याचा फोन. दाजी, यंत्रावर काही विशेष? दोनदा विचारलं. कुठेतरी पाणी मुरतंय. माझी थिअरी वर पोचवली की काय यानं? बायको म्हणाली, नोकरीच आहे त्याची ती. ती असं बोलणारच. भाऊ कोणाचा?

११ मार्च, सकाळी
मुख्य ऑफिसला जाणारी केबल काढली. नोंदी आता फक्त माझ्या डिस्कवर.

दुपारी
मेव्हण्याचा फोन. सिग्नल गेलाय, केबल बघता का? बघा, कसा शेपटीवर पाय पडला! उंदरांनी कुरतडली म्हटलं.

१४ मार्च
मेव्हणा रिपेअरवाला पाठवतोय. रिपेअरवाला की हेर? यंत्राच्या खोलीतच पहारा सुरू. बसलं की डुलकी लागते, म्हणून येरझाऱ्या. बूट घालून. आत माणूस आहे हे कळलं पाहिजे.

२० मार्च
झाली! बाकी सगळ्या केंद्रांवर थरथर. साहेबांचा स्वतः फोन : डिस्क घेऊन या, सगळ्यात जवळचे तुम्हीच. भाषण तयार. मेव्हण्याला मोठ्या मनानं माफ करणार.

२१ मार्च
डिस्क लावली. पडद्यावर मोठमोठे काटे, एका लयीत. मी म्हटलं, हे पाणी! साहेबांनी दोन काट्यांमधलं अंतर मोजलं. मग हळूच विचारलं, तुम्ही खोलीत चालत होतात का?
थरथर माझ्या बुटांखाली गाडली गेली. पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही. केंद्राचा चार्ज दुसऱ्याकडे.
मेव्हण्यानं गाडीनं घरी सोडलं. दारात म्हणाला, दाजी, मागे जेवताना तुम्ही थिअरी सांगितली होतीत ना, ती मी साहेबांना तेव्हाच सांगितली होती. तुमच्या नावानं. म्हणून तर सारखा विचारत होतो.
म्हणजे सांगितलीच होती! माझा संशय तंतोतंत खरा ठरला.