मायक्रोमीटरच्या तोंडात कुंकू

७ ऑक्टोबर २००१, रविवार. दौंड.
मायक्रोमीटर घेतला. जुना, पण परदेशी. नौशादच्या जुन्या मशिनरीच्या दुकानात किती वेळ त्याच्याकडे बघत उभा होतो. इंजिनाचा क्रँक केसभर झिजला असला तरी हा सांगतो. शिरूरचे बाकी मिस्त्री बोटानं चाचपून बोलतात. आता मी आकडा सांगणार.
नौशाद म्हणाला, ह्याचा झिरो तपासायचा रॉड हरवलाय मामा, सापडला की आणून देतो, तवर जपून वापरा. मान हलवली. रॉड ज्याला शंका असते त्याला लागतो.
कारेगावची कंपनी सोडल्याचं दुःख होत नाही. आनंदही नाही. मिस्त्रीचं डोकं असंच थंड हवं.

१० ऑक्टोबर
गॅरेजचा बोर्ड रंगवून आला. ‘बाळासो मिस्त्री. इंजिनचं काम अचूक मापात.’ सिंधू म्हणाली, आधी एक इंजिन तरी उघडा. बायकोला मार्केटिंग कळत नाही.

२१ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक! निमोण्याचा महेंद्र. वडापची जीप, सीटा भरून नेणारी, इंजिन वाजतंय. म्हणाला, भाऊ, घर ह्याच जीपवर चालतंय, दिवाळीच्या गर्दीआधी द्या. त्याला मायक्रोमीटर दाखवला. तो जीपकडेच बघत राहिला.
हे इंजिन जमलं तर गॅरेज चाललं. न जमायचा प्रश्नच नाही.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारं पाटावर मांडली. पाने, हातोडी, जॅक. मधोमध मायक्रोमीटर, त्याचा मान मोठा. बाकीच्यांना वरवर हळदकुंकू, त्याला मात्र तोंडात. जिथं माप धरतो तिथंच, दोन्हीकडून, तेलात कालवून. वर झेंडू.

२७ ऑक्टोबर
क्रँक मोजला. नव्यासारखा भरला! झीज नाहीच. म्हणजे क्रँक घासून ग्राइंडिंग नको, नुसती बेअरिंग बदलायची. महेंद्र म्हणाला, आधीचा मिस्त्री तर क्रँक झिजलाय म्हणत व्हता. आकडा दाखवला.
सिंधूनं विचारलं, मायक्रोमीटरच्या तोंडातलं कुंकू पुसलं का. पूजेचं कुंकू मी पुसत नसतो.

३ नोव्हेंबर
जीप दिली. महेंद्रनं पेढे आणले. थोडा आवाज आहे. नवी बेअरिंग बसायला वेळ घेतात.

१० नोव्हेंबर
महेंद्रचा शेजारच्या एसटीडीवर फोन. आवाज वाढला म्हणे. ऑइल बदल म्हटलं. व्यायाम सुरू करायचा विचार आहे.

१३ नोव्हेंबर
निमोण्याच्या रस्त्यावर भरल्या जीपचं इंजिन जाम. ट्रॅक्टरला बांधून आणली. क्रँक जळून निळा. महेंद्र ओरडेल म्हणून तयारीत होतो. ओरडला नाही. म्हणाला, दिवाळी गेली भाऊ. मी म्हटलं, दौंडवाल्यानं फसवलं, जुना माल असाच. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. जीप ओढत आधीच्या मिस्त्रीकडं नेली.
घरी येऊन चकल्या खाल्ल्या. चव लागली नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार
नौशाद आला. रॉड सापडला, शिरूरला काम होतं म्हणून घेऊन आला. त्याला दोन शब्द ऐकवायचे ठरवले होते. त्यानं मायक्रोमीटर हातात घेतला, तोंडाकडं बघितलं आन् विचारलं, कुंकवासकट मोजलंत व्हय? मग रुमालानं पुसलं, रॉड धरला. झिरो. पुन्हा धरला. झिरोच. म्हणाला, माल चोख हाय मामा, तुमचा क्रँक कुंकवानं जाड भरला.
चहा दिला. तो गेला. महेंद्रला सांगायला हवं, चूक माझी होती. उद्या निमोण्याला जातो. उद्या नाही जमलं तर येत्या रविवारी नक्की.
सिंधूनं बोर्ड काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, अक्षरं खाली करून. न मोजता टाकला. अचूक बसला.