तिसऱ्या टाकीतलं दही

आळेफाटा,
४ फेब्रुवारी २०२४

ती. नंदामावशीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या आणे गावात फोन लागत नाही हे निमित्त. खरं तर तुला पत्रच हवं असतं. मला पाचवा महिना लागला. आदेश माझ्यापेक्षा जास्त धास्तावलाय. मी पाणी प्यायला उठले तरी नवरोबा दवाखान्याची पिशवी घेऊन दारात उभे.

डोहाळे म्हणशील तर एकच. दही, तेही आमच्या डेअरीतल्या तिसऱ्या टाकीचं. हसू नकोस. सगळ्या टाक्यांत दूध तेच, विरजणाची पाकिटं तीच. पण आई गेली तरी महिनाभर तिसरीतलं दही तिच्या दह्यासारखं लागतंय. तोच किंचित धुरकट वास, मागाहून येणारी तीच गोडी. पहिला चमचा खाल्ला आणि मी मागे वळून पाहिलं.

टाकीवरचे दादाभाऊ म्हणाले की ह्यो तुमच्या आईचा, सुंदराबाईंचाच हात हाय, आमी कवाच वळखला व्हता, पण तुमाला सांगायला भ्यालो. साहेब म्हणतात, गिऱ्हाईक वाढलंय, चवीला हात लावू नका. मी लॅबमध्ये बसते; चव अशी आपोआप बदलत नाही हे मला कळायला हवं. तरी रोज वाटीभर खाते. आदेशबरोबर डबा पाठवलाय. चाखून सांग, मला वेड लागलंय का.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ऋतिका

आणे,
११ फेब्रुवारी

चि. ऋतिका हिस, पोटातल्यासकट आशीर्वाद.

वेड लागलं असेल तर दोघींना. डबा उघडला आणि मी ओ दिली. हाक कुणीच मारली नव्हती.

मी पुण्याला सिस्टरांच्या शाळेत बोर्डिंगला होते, तेव्हा ताई एसटीच्या कंडक्टरजवळ दह्याचं छोटं मडकं द्यायची. सिस्टर आम्हाला काट्याचमच्याने जेवायला शिकवत. ताईचं दही मात्र मी बोटानेच खायची. हे तेच दही.

तुमच्या डेअरीच्या उद्घाटनाला सगळ्यात जुनी दूधवाली म्हणून ताईला मान दिला होता. तिने साहेबांचं विरजणाचं पाकीट बाजूला सारलं, पदराआडून स्वतःच्या विरजणाची वाटी काढली आणि त्याच तिसऱ्या टाकीत उपडी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गेली तेव्हा सुतकात विरजण लावायचं कुणालाच सुचलं नाही. तेराव्यानंतर पाहिलं तर मडक्यात वाळकी खपली. संपलं म्हणून मी किती रडले!

तुझ्या डब्यातला चमचाभर मी ताईच्याच मडक्यात लावलाय, वर तिचंच लाकडी झाकण. माय मरो पण मावशी उरो, ही म्हण मला कधी आवडली नाही. आता वाटतं, दोघी उरल्या. डोहाळे अपुरे ठेवू नयेत. पोटभर खा.

लोभ दह्यासारखा घट्ट लागू दे.
तुझी मावशी

आळेफाटा,
२० फेब्रुवारी

ती. मावशीस, नमस्कार.

ते दही खाऊ नकोस.

उद्घाटनाची हकीकत वाचली आणि माझी झोप उडाली. विरजण इतकी वर्षं पाइपात जगलं असेल, तर त्याला लपायला जागा मिळाली असणार. आणि अशा जागेत कुणी एकटं राहत नाही. साहेबांना न विचारता दादाभाऊंकडून व्हॉल्व्ह खोलवला. टाकी लखलखीत, पण झिजलेल्या रबरी वायसरमागे सायीसारखा थर, बोटाला बुळबुळीत. जंतू स्वतःभोवती असा चिकट थर विणतात. वरून टाकी धुण्याचं कॉस्टिक जातं, कढत पाणी जातं; आतले सुखरूप.

असा थर शोधायला आमच्याकडे एक फवारा असतो. नुसते दह्याचे जंतू असतील तर तो फेसाळत नाही. मारताना मी मनात म्हणत होते, गप्प राहा आई. तो फेसाळला. हळूहळू, आतून कुणी श्वास सोडावा तसा.

म्हणजे आईच्या मागे दुसरंच कुणी उभं आहे. कोण, ते पुण्याहून अहवाल आल्यावर कळेल. काही जंतू असे असतात की बाईला जेमतेम कणकण येते आणि पोटातलं बाळ जातं. आणि मी रोज वाटीभर खात होते, मावशी. टाकी बंद केली, दुकानांतला माल परत मागवला. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरांनी रक्त घेतलंय.

मडकं आजच्या आज रिकामं कर.

घाबरलेली,
ऋतिका

आणे,
२६ फेब्रुवारी

चि. ऋतिका, ईश्वर तुला सांभाळो.

मीच तुला पोटभर खा म्हणाले, हे मनातून जात नाही. तरी खोटं लिहीत नाही. मडकं रिकामं केलेलं नाही. खात नाही, नुसतं लावते. आठवतं, दही लागलंय का पाहायला ताई वरून करंगळी टेकवायची? रोज सकाळी झाकण उचलते तर सायीवर तो ठसा असतो. मी एकटी राहते, बाळ.

रागावू नकोस.
मावशी

आळेफाटा,
३ मार्च

ती. मावशीस,

अहवाल आला. दह्याच्या जंतूंच्या आडोशाला लिस्टेरिया. ज्याला भीत होते तोच. माझ्या रक्तात सध्या काही नाही, बाळाचे ठोके नीट आहेत. पण तो उशिराही डोकं वर काढतो. काही आठवडे जीव मुठीत धरायचा.

व्हॉल्व्हसकट पाइप कापून टाकला. नवं दही चाखून दादाभाऊ म्हणाले की गेल्या बाई. मी मागे वळून पाहिलं नाही.

आई नाही, तेव्हा बाळंतपणाला तुझ्याकडेच यायचं मनात होतं. त्या मडक्याच्या घरात मी यायचं का, हे आता तू ठरव.

ऋतिका

आणे,
१० मार्च

चि. ऋतिका हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दही परसात पुरलं, मडकं फोडलं, ओट्यावर उकळतं पाणी ओतलं. नव्या कोऱ्या पातेल्यात चहापुरतं दूध उकळून झाकून ठेवलं. सकाळी दही झालेलं. वर ठसा. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग तुझे शब्द आठवले: लपायला जागा. मडकं फोडलं तरी लाकडी झाकण मीच हळूच उचलून ठेवलं होतं, आणि पातेल्यावर तेच होतं. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं गं.

चुलीत घातलं. खडखडीत वाळलेलं लाकूड, तरी भेगांतून पांढरा फेस आला, हळूहळू. मी मोठ्याने म्हणाले की ताई, पोरीला सुखरूप सुटू दे, हट्ट करू नकोस. जन्मात पहिल्यांदा मी तिला दटावलं.

काल रात्री दूध ताटलीने झाकलं, आज सकाळी ती उचलली. दूध दूधच होतं. त्याचा चहा केला आणि उभ्यानेच प्यायले. बसले असते तर उठले नसते.

पाडव्यानंतर ये. आदेशला म्हणावं, पिशवी तयारच असेल, तीच आण. घरात आता कुणी नाही.

तुझी, एकटीच उरलेली,
मावशी