मागच्या दारावरचा पिंपळ

प्रिय अप्पा,

आज मिस्त्री कुऱ्हाड घेऊन आले होते आणि मी त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवलं, म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातसुद्धा बोलले नव्हते. राग होता, खरं सांगते.

दुकानाचं मागचं दार आता उघडत नाही. पिंपळाची मुळी चौकट दाबून बसली आहे. आणि हा पिंपळ वाढवला कुणी? तुम्हीच की! देव्हाऱ्यातल्या पिंडीच्या अभिषेकाचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून तुम्ही रोज स्टुलावर चढून ते दारावरच्या भेगेत ओतायचात. पाखरानं तिथं बी टाकलं आणि केजच्या उन्हाळ्यातही त्याला पाणी कमी पडलं नाही. दोन पानांचा होता तेव्हाच मी उपटायला निघाले, तर तुम्ही माझा हात धरलात.

"द्येवाचं पाणी पिऊन वाढलंय. हात लावू न्हाई."

मग मी कॉलेजात शिकलेलं पाजळलं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळे एकाच घराण्यातले. पान तोडलं की चीक येतो, नव्या कोंबाला टोपी असते, फुलं मात्र फळाच्या पोटात दडलेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठून तरी उंबर आणलंत आणि गल्ल्यावर ठेवून म्हणालात, दाखव फुलं.

मी ब्लेडनं कापून दाखवलं. गिऱ्हाईकं ताटकळली होती. तिळापेक्षा बारीक माशी एवढ्याशा तोंडातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, अंडी घालते आणि आतच मरते, हेही सांगितलं.

"मंग आत जातीच कावून?"

अंडी घालायला तिला दुसरी जागाच नाही, मी म्हणाले. मग पोरी बाहेर कशा येतात, तुम्ही विचारलंत. नर भोक पाडतात. त्यांना पंख नसतात, ते बहुतेक तिथंच संपतात आणि माद्या उडून जातात.

तुम्ही ते अर्धं उंबर उचलून उजेडाला धरलंत. "बापच म्हण की," एवढंच म्हणालात.

मग माझ्यासाठी भोक का नाही पाडलंत, अप्पा? उलट दवाखान्यात माझ्याकडून वचन घेतलंत. "गिरजे, दुकानाचं शटर बंद पडू देऊ न्हाई." मी एकुलती एक. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून साबुदाणा, काडेपेटी, खोबरं. माणसं चांगली आहेत, अप्पांची लेक म्हणून मान देतात. पण जीव गुदमरतो माझा. पुढे गल्ला, मागे न उघडणारं दार.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजनं वनस्पतिशास्त्र शिकवायला बोलावलंय. सोमवारी हजर व्हायचं. म्हणूनच आज मिस्त्रींना बोलावलं होतं. वाटलं, आधी दार तरी मोकळं करावं. ते म्हणाले, "ताई, अप्पा नगं म्हणले हुते. तुमी म्हणा, लगेच तोडतो." मी चहा टाकायला आत गेले.

चुकलंच तुमचं. पाणी ओतताना खाली दार आहे हे पाहिलं नाहीत. हो म्हणताना मीही पाहिलं नाही.

एक वचन मोडतेय, म्हणून दुसरं देते. उद्या मिस्त्री येतील. पहिला घाव मी घालेन, पाप लागायचं तर मला लागू दे. मुळी धड निघाली तर ओढ्याकाठी लावेन आणि सुट्टीला आले की पिंडीचं पाणी तिथंच नेऊन ओतेन.

सोमवारी शटर बंद दिसेल. लोक विचारतील, पोरीला जाऊ कुणी दिलं? माझ्या बापानं, असंच सांगेन. तेवढं खोटं मी तुमच्यासाठी बोलेन.

तुमची,
गिरजा