सर्वानुमते

रत्नागिरी,
१९ ऑगस्ट २०२५

चि. तेजस्वीस,
काकाचे आशीर्वाद.

तू ठाण्याला सुखरूप पोचलीस, हे जावईबापू विनीतरावांनी कळवलं. घराची किल्ली माझ्याकडेच आहे. मांजर आमच्याकडे जेवते, पण झोपायला तिकडे तुमच्या पडलेल्या स्वयंपाकघराच्या ढिगाऱ्यावरच जाते. पाऊस अजून चालूच आहे.

नागरिक मंडळाने तुझ्या आईची शोकसभा घेतली. दोन मिनिटं उभे राहिलो, मग चहा झाला. अध्यक्ष म्हणाले, "निसर्गापुढे कोणाचं चालतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला माझीच किळस आली.

तेराव्याच्या जेवणावेळी तू विचारलंस, "काका, तुमच्या एवढ्या मोठ्या मंडळात एकालाही कळलं नाही?" मी पानात मान घालून भात कालवत राहिलो.

कळलं होतं गं. तुमच्या घरामागच्या उतारावरचा गडगा म्हणजे चुन्या-सिमेंटाशिवाय नुसता चिऱ्यावर चिरा रचलेली भिंत. फटींतून डोंगराचं पाणी गळून जातं, म्हणून तर तो टिकतो. तो तुझ्या आजोबांनी रचलेला, मी हाताखाली दगड दिलेत. पण स्वच्छ वॉर्ड स्पर्धा आली आणि आम्हाला तो ओबडधोबड दिसायला लागला. तीन रविवार श्रमदान करून फटी सिमेंटने लिंपल्या, वर आंबे नि डॉल्फिन रंगवले. दुसरा नंबर आला. जुलैत अडलेलं पाणी अख्खा गडगा घेऊन खाली आलं. वहिनी सकाळच्या भाकऱ्या करत होती.

ठरावाच्या सभेत ती उठली होती. "भावजी, फटी बुजवू नकात हां. पाणी जायचं कुठनं? खाली माझी चूल आहे." कोणीतरी म्हणालं, "वहिनींना रांगोळीचं काम देऊ या." सगळे हसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिचा एकटीचा हात खाली होता.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' त्यात कपट नव्हतं. बावीस वर्षं सचिव म्हणून मी हेच लिहितो. खुर्च्या फेकल्या तरी हेच. मंडळाची चारचौघांत शोभा व्हायला नको, एवढंच डोक्यात.

पहिल्या रविवारी लिंपणाऱ्यांना तिनेच कोकम सरबत पाठवलं.

परवा चौकशीचे साहेब आले. "विरोध कोणाचा होता?" मी वही पुढे केली. वाचून म्हणाले, "म्हणजे बाईंचीही संमती होती." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

खरं सांगायला साहेबांकडे जावं म्हणून रोज चपला घालतो, फाटकापर्यंत जातो नि परत येतो. याच माणसांत मला मरायचंय, म्हणून पाय निघत नाही. तेव्हा हे पत्र तूच साहेबांना नेऊन दे. माझी गय करू नकोस.

श्रीमती सावित्री यांनी भर सभेत ठरावास विरोध केला. तो मी ऐकला होता.

तुझ्या आईचा धाकटा दीर,
हरिश्चंद्र