कापसाच्या गंजीवरची गाठ

बाबा, आज धाकट्या बहिणीचा फोन आला आणि बोलून झाल्यावर मी तुम्हाला लिहायला बसलो. तिच्याबद्दल तुमच्याकडे तक्रार करायची माझी जुनीच सवय. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, सवय काही गेली नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे, आपल्या समुद्रपूरच्या मार्केटात तुम्ही कापसाच्या गंजीवर ताडपत्री बांधताय, आभाळ भरून आलंय. मी दोराला हात लावतो तर तुम्ही खेकसता, "तू काऊन हात खराब करून राह्यला? जाय, पुस्तक घे." आणि लगेच तिला, "ये वं माय, धर हे टोक." शाळेत हुशार निघालो ही जणू माझी चूकच झाली. ताडपत्रीच्या दोराला मारायची तुमची खास गाठ ती दहाव्या वर्षी शिकली. "वाऱ्याले सुटू नाई, माणसाले एका झटक्यात सुटावी," असं तुम्ही तिला सांगायचात आणि मी पायरीवर बसून ऐकायचो, पुस्तकाचं पान तेच. पुढे मला खुर्चीवरची नोकरी लागली, नालवाडीत घर झालं. लोक म्हणतात, बापानं पोराचं सोनं केलं. खरं सांगू? मला ती गाठ हवी होती.

तुम्ही गेल्यावर ती नर्स झाली आणि सोबत काम करणाऱ्या कोकणातल्या मुलाशी लग्न करून पार समुद्राकाठी गेली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिच्याकडे होतो आणि वादळाचा इशारा आला. मला वाटलं, आता रडारड. पण गाव मुकाट्यानं कामाला लागलं. होड्या वर ओढून सुरूच्या झाडांना बांधल्या. माडावरचे नारळ पाडले, नाहीतर वाऱ्यात तेच कपाळात बसतात. गुरांची दावी सोडली. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून म्हाताऱ्यांना शाळेत नेऊन बसवलं. छपरांवर जुनी जाळी टाकून त्यांचे दोर खाली जांभ्या दगडाच्या चिऱ्यांना बांधायचे होते आणि त्यासाठी घराघरातून एकच हाक, "वहिनी, आमच्याकडे पण या!" ती पदर खोचून फिरत होती, गाठ मारताना तुमच्यासारखीच जीभ दातात धरून. "माझ्या बाबांची गाठ आहे," असं सगळ्यांना सांगत होती. माझ्या बाबांची! मी थोरला भाऊ, दोराचं भेंडोळं घेऊन तिच्या मागे मागे, आणि माझ्या पोटात नुसतं दुखत होतं.

शेजारच्या मावशींच्या छपराची गाठ मारून ती पुढच्या घरी गेली. मावशी शाळेत पोचल्या होत्या, अंगणात मी एकटा. गाठ आतून कशी आहे ते बघावं म्हणून टोक ओढलं. सुटली, एका झटक्यात. परत मारायला गेलो तर येईना. तिला हाक मारायची लाज वाटली. मग बुटाच्या नाडीला मारतात तशी मारली, वर आणखी एक मारली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं बांधलेल्या छपरांपैकी तेवढं एकच गेलं होतं. पत्रे वाडीत जाऊन पडले होते, मावशींचे वर्षाचे तांदूळ भिजले होते. धाकटी त्यांच्यापुढे उभी राहून रडली. मला म्हणाली, "बाबाची गाठ सुटत नाई, दादा. माहाच हात चुकला असंन." मी म्हणालो, "होतं असं." एवढंच म्हणालो.

आज फोनवर ती सांगत होती, पुन्हा इशारा आलाय, तयारी चालू आहे. मी विचारलं, गाठी मारून झाल्या का. "म्या सोडलं ते, दादा. दुसरे बांधतात आता. मले माह्या हाताचा भरवसा नाई." खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, बाबा. पण तिनं विषय बदलला आणि मी बदलू दिला. तुम्हाला पत्ता नाही आणि तिच्या पत्त्यावर हे टाकायची माझी छाती नाही, तेव्हा कागद इथेच राहील. तिचं ते हाताच्या भरवशाचं वाक्य ऐकून मला वाईट वाटलं. पण ते नंतर. आधी बरं वाटलं.